कोमट बडीशेप

परवा टॅक्सीत बसले, तर गिअरशेजारी बडीशेपेची डबी ठेवलेली होती. झाकण उघडताच तो भाजका वास आला आणि मी थेट नसीमताईंच्या जुन्या पांढऱ्या गाडीत जाऊन पोचले.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. ताई एका कंपनीत होत्या, आम्ही तिघी मैत्रिणी शेजारच्या कंपनीत. कोथरूडच्या कोपऱ्यावरून त्या आम्हाला रोज गाडीत घ्यायच्या. उशीर झाला की म्हणायच्या, "या, सूर्य आपल्यासाठीच थांबलाय." चांदणी चौक गेला की घरी भाजलेल्या बडीशेपेची डबी मागे यायची.

त्या सकाळीही आली. मग आम्हाला कंपनीच्या दारात उतरवून ताई गाडी परत पुण्याकडे वळवायला लागल्या. मी खिडकीशी वाकून विचारलं, "ताई, घरी काही राहिलं का?"

"नाही. काल कंपनीनं मला कमी केलं."

"अहो, मग आज आलात कशाला?"

"तुम्ही कोपऱ्यावर वाट बघत बसला असतात. कळवणार कसं? मोबाइल आहे का तुमच्यातल्या एकीकडे तरी?"

तेव्हा मला त्यांची नुसती कीव आली होती. पुढे माझीही नोकरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना. ताई मात्र तशा सकाळी गाडी पुसून वेळेवर कोपऱ्यावर हजर होत्या. आणि मला चांगलं आठवतंय, त्या दिवशी हातावर घेतलेली बडीशेप अजून कोमट होती.