बिदर ते कलबुर्गी, विमानानं अर्धा तास

बिदरहून कलबुर्गीला विमानानं अर्धा तास लागतो. हे मला मोबाईलनं सांगितलं आणि मी अप्पांना सांगितलं. इथपर्यंत कोणाचीच चूक नव्हती.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, कलबुर्गीकडच्या खजुरीला दिलेली. तिच्या नव्या घराच्या वास्तूला अप्पांनी माहेरचा आहेर घेऊन जायचं होतं. मागच्या खेपेला ते टेम्पोत शेळ्यांबरोबर गेले होते, आणि ते आत्या अजून चारचौघांत सांगते. म्हणून अप्पांनी लगेच फोन लावला.

"अक्का, औंदा विमानानं यायलो. पोरगं नेतंय."

झालं! आमच्या सगळ्या खटकचिंचोळीत बातमी. वास्तूच्या आदल्या दिवशी नवं धोतर नेसून, गळ्यात गावानं घातलेला हार मिरवत अप्पा जीपमध्ये बसले. मागे आहेर आणि कडक भाकरी, शेंगाचटणीचं गाठोडं (अर्ध्या तासाच्या प्रवासाला तीन दिवसांची शिदोरी). तिकीट बसच्या तिकिटासारखं तिथंच खिडकीवर काढू, असं मी धरून चाललो होतो.

बिदरच्या विमानतळावर दारावरच्या जवानानं माझा मोबाईल नीट वाचला. म्हणाला, "कलबुर्गीला इथून विमानच नाही."

"मग हा अर्धा तास?"

"विमान असतं तर लागला असता."

मी अप्पांकडे बघायचं टाळलं. त्यांनी हार काही काढला नाही.

"जीप काढ," ते म्हणाले. "अक्का तिकडं इमानतळावर आरतीचं ताट घेऊन उभी हाय."

हुमनाबादच्या रस्त्याला लागतो तोच आत्याचा फोन. "शिवू, उतरलाव का?"

"विमान जरा लेट हाय, आत्या."

मन्नाएखेळ्ळीला भाकरी खायला थांबलो, तर पुन्हा फोन. नेमका शेजारून ट्रक गेला.

"ते काय वाजायलंय?"

"विमानाचा हॉर्न."

"आभाळात हॉर्न कामून?"

"समोरून दुसरं यायलंय."

अप्पांनी कपाळावर हात मारला. पुढच्या फोनला मी सांगितलं, आम्ही ढगात आहोत. त्याच क्षणी आमचा ड्रायव्हर रस्त्यातल्या म्हशीवर ओरडला.

तीन तासांनी कलबुर्गीचा विमानतळ आला. आत्या पाचसहा बायका घेऊन दाराकडे तोंड करून उभी, आणि आम्ही मागून रस्त्यानं आलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनी मला थांबवलं.

"अक्का, विमान न्हाई मिळालं. जीपनंच आलोय." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ठाऊक हाय. बिदरहून विमान येतच न्हाई, हितल्या पोलिसानं सकाळीच सांगितलं."

"मग उभी कामून राहिलीस?"

"तू येतो म्हणलास म्हणजे येणार. आन् शिवूचं विमान कुठवर आलं, ते बी ऐकायचं होतं."

तिनं अप्पांना ओवाळलं, जीपपुढे नारळ फोडला. वास्तूच्या पंगतीत अप्पा दरेकाला सांगत होते, "माझ्या पोरानं बापाला विमानात बसवायचं मनात तरी आणलं. तुमच्यात कुणी आणलंय का?" माझी छाती खरोखर फुगली. वाढणाऱ्या बायका हसत होत्या, तरीही फुगली.

तेव्हापासून कुठं जायचं असलं की किती वेळ लागेल हे घरात मलाच विचारतात. मला अभिमान वाटतो. मी मोबाईल बघून सांगतो, आणि ते त्याला सहानं गुणून निघतात.