पोपटी भिंती

आमच्या गल्लीत चार घरांच्या कुंपणभिंती एकाच पोपटी रंगाच्या आहेत. त्यांतल्या तीन घरांनी रंगवायला सांगितलंच नव्हतं. माझ्या धाकट्या दिरांनी हे काम तीन दिवसांत, जवळजवळ न झोपता उरकलं. "वहिनी, मांजर स्थिर बसलं तर तेही रंगवतो," म्हणाले. आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात ते डोक्यावर पांघरूण ओढून पडले, उशाशी बाटली घेऊन.

आम्ही बाटलीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पीत नाहीत तेव्हा कसे असतात?"

"एकदम छान!" त्यांची बायको, माझी जाऊ, कौतुकाने म्हणाली. "तीन दिवसांत चार भिंती! झोपेचीसुद्धा गरज लागत नाही त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट विचारायला सुरुवात केली. आजार बायपोलर निघाला. तो उत्साह आणि ते पडून राहणं, दोन्ही त्याचंच. तो आजार बाजूला ठेवून नुसती दारू सोडवायला आम्ही वर्षानुवर्षं धडपडत होतो.

दारूला वास येतो, म्हणून ती पकडली जाते. उत्साहाला वास नसतो. त्याला लोक चहा करून देतात. आम्हीही दिला होता.

आता गोळ्या सुरू आहेत. काल दुपारी भाऊजी जांभई देत म्हणाले, "दमलो, वहिनी. जरा पडतो."

"ताई, ऐकलंत? दमले म्हणाले!" जाऊ कुजबुजली आणि दारावरून ओरडत चाललेल्या भंगारवाल्याला तिने हातानेच गप्प केलं.