पारूबाईचा अर्ज

केजच्या बसस्टँडमागच्या एका खोलीत प्रियदर्शनी लोकांना वेबपानं करून देते. त्याच खोलीत ती आणि धाकटा भाऊ राहतात. अर्जातली चौकट तिच्या लेखी मुकी असते. चौकटीनं काय घ्यायचं, ते टॅगच्या, म्हणजे कोनी कंसातल्या खुणेच्या, आत शब्द लिहून सांगावं लागतं. त्या शब्दांना अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. type="file" लिहिलं की चौकट फाइल मागते, required लिहिलं की भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

दसऱ्याआधी ऊसतोड्यांच्या लेकरांचं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेनं तिच्याकडून प्रवेशअर्ज करून घेतला. सचिव धुळाजीराव म्हणाले होते, "बाप नसलेली लेकरं लई येतात. बापाच्या आधारची सक्ती नको." तिनं त्या चौकटीत required="false" लिहिलं. सक्ती नाही. मग सगळे कागद जोडून स्वतःच एक अर्ज भरून पाहिला. तो गेला.

मुदत शनिवारी संपली. सोमवारी पारूबाई दारात उभी राहिली. सोबत दहा वर्षांची लेक सुकन्या.

"ताई, तुमीच केला का ह्यो फारम? तीन दिस झाले, पुढं सरकंना. बापाचं आधारच मागतंय."

"ते सोडलं तरी चालतं, मावशी."

"चालतं? फारम भरून देणारा दुकानदार म्हणतो, आधार न्हाई तर नवराच घेऊन या! गेल्या साली फडावरची आमची पाचटाची कोपी पेटली, त्यात त्यो बी गेला अन् कार्ड बी."

प्रियदर्शनीनं ती चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. पान अडलं. तिनं शोधाशोध केली. उत्तर दोन ओळींचं होतं: required हा शब्द नुसता असला तरी सक्ती होते, त्याच्यापुढं काय लिहिलंय ते ब्राउझर बघतच नाही. सक्ती नको तर शब्दच काढायचा.

तिनं शब्द काढला. अर्ज गेला. मग सचिवांना फोन लावला.

"यादी कालच झाली, पोरी. चाळीस खाटा, चाळीस लेकरं."

"चूक माझी आहे, सर."

"असंल. पण खाट कुठून आणू मी?"

पारूबाईनं सगळं ऐकलं होतं. "मुकादमाचा ट्रॅक्टर उद्या ऊसतोडीला निघतोय. चूक तुमची हाय म्हणता, तर हिला ठिवून घ्या तुमच्यापाशी. भांडी घासंल, पर साळंत जाईल."

प्रियदर्शनीनं खोलीकडं पाहिलं. एक खाट, भावाची गुंडाळलेली सतरंजी, टेबल. तिच्या तोंडून हो निघालं नाही.

"चल गं," पारूबाई लेकीला म्हणाली.

त्या गेल्यावर प्रियदर्शनीनं मुदतीत आलेले अर्ज उघडले. प्रत्येकाला बापाचं आधार जोडलेलं होतं. ज्यांच्याकडं ते नव्हतं, त्यांना ब्राउझरनं अर्ज भरणाऱ्याच्याच फोनवर अडवलं होतं. ते तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. असे किती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पारूबाई चालत आली, म्हणून ती एक तरी कळली.