पूजेतला सुरुंग

भूतखेत, बाहेरची बाधा वगैरे मी कधीच मानलं नाही, उलट मानणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं असेल तर शेवटी हसा...

२००६ सालचा दसरा. आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो — मी आणि बायको मंजिरी. मी आयटीत, ती सप्लाय टीचर, म्हणजे बदली शिक्षिका, आणि तेव्हा तिला सातवा महिना होता. मला एक खुळा छंद होता: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना शिकवण्यासाठी बनवलेले रणगाडाविरोधी बॉम्ब आणि सुरुंग जमवायचे. दिसायला हुबेहूब खरे, पण आत दारू नाही. पोकळ आहेत हे कळावं म्हणून आरपार भोकं पाडलेली. गॅरेजमध्ये असे अकरा नग होते आणि गाडी बिचारी बाहेर थंडीत.

अकरावा नवीन होता, बेडफर्डजवळच्या एका खेड्यातल्या लेन नावाच्या आजोबांनी दिलेला. ऐंशी पार केलेले, युद्धात नव्या पोरांना सुरुंग निकामी करायला शिकवायचे. पोळ्यांच्या डब्याएवढं ते लोखंडी धूड गाडीत ठेवताना म्हणाले, "एकट्याने हाताळू नकोस." मला वाटलं, माझ्या पाठीची काळजी करतायत.

दसऱ्याला मी रजा काढली होती. सकाळी ड्रिल, पाने, लॅपटॉप यांची पूजा केली, तर मंजिरी म्हणाली, खरी शस्त्रं गॅरेजमध्ये आहेत की, त्यांना का वगळतोस? मग त्यांनाही हळदकुंकू आणि लंडनच्या हॅरोहून आणलेल्या झेंडूचं एकेक फूल. संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी दुपारी फोल्डिंग खुर्च्या काढायला गेलो आणि लेनच्या सुरुंगाला पाय लागला. पूजेतल्या वस्तूला पाय! सवयीने वाकलो, नमस्कार करायला झाकणावर हात ठेवला... आणि तो उचलवेना.

चिकटला नव्हता. बोटं नीट हलत होती. पण हात उचलला तर स्फोट होईल, हे मला पक्कं माहीत होतं — स्वतःचं नाव माहीत असतं तितकं पक्कं. समोरच भोक होतं, त्यातून पलीकडची फरशी दिसत होती. स्वतःला शिव्या घातल्या. एक-दोन-तीन म्हणून उचलायचं ठरवलं, कितीदा तरी. जमलं नाही. गुडघे सुन्न झाले, खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकत गेलं... तासभर तरी गेला असेल. एकच भीती होती, मंजिरी शोधत येईल.

आणि ती आलीच.

आत येऊ नकोस, रस्त्यापर्यंत लांब जा, असं मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. ती दारात थांबली. माझा चेहरा बघून चेष्टा करायचीही विसरली. मग पोट सांभाळत सावकाश माझ्याशेजारी बसली. मी रडत होतो, सांगायला लाज नाही; हात उचलला तर उडेल, एवढंच कसंबसं म्हणालो. तिने माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात दाबून ठेवला.

"सोड आता. मी धरलंय."

आणि माझा हात सुटला. मी तिच्या पाठीमागच्या भिंतीशी जाऊन कोसळलो, दोन्ही हात काखेत दाबून. थोड्या वेळाने तीही उठली. "बघ, इट्स जस्ट अ डबा," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी लेनना फोन केला. वाटलं, हसतील. पण त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, त्यांची शिकवायची पद्धतच तशी होती — एकाने झाकण दाबून धरायचं, आणि दुसऱ्याने हात ठेवून 'मी धरलंय' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. कितीही वेळ जावो.

"तुझ्याकडून बायकोने घेतलं," ते म्हणाले. "तिच्याकडून कोणी घेतलं?"

मंजिरी कणीक मळत होती. तिला विचारलं, तर म्हणाली,

"तूच ना? पोटामुळे मला खालचं दिसतं कुठे. पण तू खालून हात सरकवलास, म्हणून तर मी सोडलं. केवढा गार होता रे तुझा हात."

मी तिच्या मागे होतो. भिंतीशी.

मुलगी सुखरूप झाली, आता नर्सरीत जाते. बाकीचे दहा नग मी देऊन टाकले. लेनचा सुरुंग तिथेच आहे, त्याला कोणी हलवत नाही. या सगळ्याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. कुणीतरी तो धरून बसलंय, एवढंच मला वाटतं. दर दसऱ्याला मी गॅरेजच्या दारातूनच हात जोडतो. आत जाऊन, वाकून, "सोड, मी धरतो" म्हणायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.