अण्णांनी कोरलेले उमेदवार

छापखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण निवडणूक लागली की खडेबाजारातल्या चहावाल्याकडे मला अजून बोलावणं येतं. आम्ही छापलेली पत्रकं दुसऱ्या दिवशी रद्दीत जायची. किस्से मात्र साठत गेले, कारण ते किलोवर कुणी घेत नाही!

बहुतेक किस्से अण्णांचे. अण्णा वडगावचे विणकर. एरवी हातमागावर साड्या विणायचे आणि निवडणूक आली की माझ्या छापखान्यात बसून उमेदवारांची व्यंगचित्रं लाकडी ठशावर कोरायचे. आमचा नियम एकच, येईल त्या पक्षाचं काम घ्यायचं. सकाळी एकाचं नाक, दुपारी त्याच्या विरोधकाचं पोट!

*

एकदा चित्राखालचा मजकूर मराठीत हवा की कन्नडमध्ये, यावर कार्यकर्त्यांची जुंपली. दोन्हींना जागा नव्हती. अण्णांनी पटाशी उचलली आणि मजकुराची पट्टीच तासून टाकली.

"अण्णा, आता लोकांस्नी कळणार कसं?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

"हसायला काय वाचता यावं लागतंय व्हय रं?"

ते पत्रक काकतीपासून निपाणीपर्यंत चाललं.

*

ठसा नेहमी उलटा कोरायचा, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. एका उमेदवाराचा ठसा अण्णा तीन दिवस कोरत होते. चौथ्या दिवशी तो उमेदवार स्वतःच छापखान्यात आला. अण्णा त्याच्याकडे एकटक बघत राहिले.

"साहेब, तुमचा भांग उलट्या बाजूला पडलाय!"

बिचाऱ्याने खिशातून कंगवा काढला.

*

निपाणीचे एक उमेदवार तणतणत आले. चित्र झोंबलं असणार म्हणून मी घाईने खुर्ची पुढे केली.

"सगळ्यांची चित्रं निघाली. माझंच का न्हाय?"

अण्णा हळूच म्हणाले, "तुमच्या विरोधात कुणी ऑर्डरच दिली न्हाय, साहेब."

गृहस्थ मटकन खुर्चीत बसले. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "हे काय काढण्यासारखं न्हाय व्हय?"

*

आता मोबाइलवर दिवसाला पन्नास चित्रं येतात. हसू येतं, नाही असं नाही. पण बोटांना शाई लागत नाही. त्या शाईच्या वासाची मला फार आठवण येते, आणि अण्णांचीही.

*

एका वर्षी अण्णा स्वतःच नगरसेवकपदाला उभे राहिले! कारण एकच. त्यांच्या गल्लीला गटार नव्हतं. पावसाळ्यात पाणी घरात शिरायचं आणि मागाखालच्या, विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात भरायचं. मग महिनाभर माग बंद.

आठ दिवसांत विरोधी उमेदवाराची माणसं छापखान्यात आली. अण्णांच्या विरोधात चित्र हवं होतं, पण कोरणार कोण? सगळे अण्णांकडे बघायला लागले.

मी सरळ "न्हाय" म्हणालो. अण्णांनी मला थांबवलं. "नियम म्हंजे नियम."

त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, डबा घेऊन आल्या होत्या. अण्णांनी त्यांनाच विचारलं, "माझ्यातली एक खोड सांग गं."

"एकच? आन् एका ठशात मावंल व्हय?"

शेवटी अण्णांनीच काय ते ठरवलं. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेले अण्णा मागावर बसून साडी विणताहेत, आणि खाली लिहिलंय, 'स्वतःच्या मागातलं पाणी निघंना, हा वॉर्डाचं काय करणार?'

अख्खा वॉर्ड हसला. अण्णा सपाटून पडले. मला इतका राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

चित्र मात्र भिंतीभिंतीवर तसंच राहिलं. निवडून आलेला तो विरोधी उमेदवार कुठेही दिसला, की लोक विचारायचे, "साहेब, अण्णांच्या मागातलं पाणी कधी काढताय?" लग्नात विचारायचे, बाजारात विचारायचे. साहेब रस्ता बदलायला लागले!

पुढच्या पावसाळ्याआधी वॉर्डातलं पहिलं गटार झालं ते अण्णांच्या गल्लीत. साहेबांनी नारळ फोडला. अण्णा गर्दीत मागे उभे होते आणि समोरच्या भिंतीवर त्यांचं ते चित्र अजून चिकटलेलं होतं.

मी जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, खरं सांगा. हे तुमी मुद्दाम केलंसा व्हय?"

अण्णांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं.

"नाक जरा लांब झालं बघ, रं."