फळ्यावरची चौदा ऑगस्ट

"वर्षभर दुसऱ्यांच्या चुका भिंतीवर टांगतोस," अर्डिस म्हणाली, "आणि आजच्या दिवशी बरं तुला शिकागो आठवतं."

"फळा लहान आहे," डेल्मर म्हणाला.

"फळा लहान नाही, डेल्मर."

मी आत बटाटे सोलत होते. बटाटे संपले तरी बाहेरचं संपेना, तेव्हा मी सोललेलेच पुन्हा सोलायला घेतले. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने हात कामात ठेवावेत. कानांचं काय करायचं ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.

खानावळ अर्डिसची, मी तिच्याकडे कामाला. तिचा नवरा डेल्मर क्रूस धान्याच्या कोठारावर मक्याच्या गाड्या तोलायचा, पण आमचं टार्बेल गाव त्याला ओळखायचं ते फळ्यामुळे. कामावर जायच्या आधी तो दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचा, की बेसबॉलमध्ये आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं. कुणी अख्ख्या सामन्यात एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, कुणाच्या हातून साधा झेल सुटला आणि सगळं शहर जेवलं नाही. खाली आजचं सूप. लोक सुपासाठी यायचे आणि फळ्यावरून वाद घालत दुसरी कॉफी मागवायचे.

चौदा ऑगस्टला मात्र वाद होत नसे. लोक फळा वाचायचे, खाली बघायचे आणि आत यायचे. कारण कैक वर्षांपूर्वी त्या तारखेला आपल्या मैदानावर काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि फळ्यावर ते कधीच नसे.

जत्रेचा सामना होता, ग्रीन क्रीकवाल्यांशी. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्लन व्होस. असा हात गावाला पुन्हा मिळाला नाही. त्याला बघायला मोठ्या क्लबाचा माणूस हॅट घालून पहिल्या रांगेत बसला होता. शेवटचा डाव, बरोबरी, आमचे दोघे बाद. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, डेल्मर पहिल्यावर. चेंडू सणसणीत गवतात गेला, तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचला आणि अख्खं गाव मैदानात घुसलं. डेल्मर दुसऱ्या बेसकडे निघाला होता. गर्दी बघितली आणि अर्ध्यातूनच वळून नाचायला गेला. आता नियम असा, की त्याने दुसऱ्या बेसच्या उशीला पाय लावल्याशिवाय ती धाव धरत नाहीत. नवरी आली, पाव्हणे आले आणि नवरा सही न करताच जेवायला बसला, तर लग्न कसलं? ग्रीन क्रीकचा एक म्हातारा खोकड चेंडू हातात घेऊन त्या उशीवर उभा राहिला आणि पंचाला हाक मारली.

डेल्मर बाद, धाव गेली, सामना पुन्हा बरोबरीत. गर्दी हटवून खेळ पुन्हा सुरू झाला. थकलेल्या हार्लनला पुन्हा उभं राहावं लागलं, डावामागून डाव, आणि एका चेंडूला त्याच्या कोपरात काहीतरी तुटलं. मी कुंपणाशी होते, तो आवाज मला ऐकू आला. हॅटवाला उठून गेला. हार्लनने पुढे जन्मभर डाव्या हाताने शेतं नांगरली.

गाव डेल्मरला हसलं, आणि हसणं बरं पडतं हे त्यालाही कळत होतं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात कुणी तरी ओरडलंच, "पायरीला पाय लाव रे, नाहीतर अर्डिस परत जाईल!" तोही हसला. पण हार्लन कधी हसला नाही, बोललाही नाही. रोज सकाळी येऊन फळा वाचायचा, अंडी खायचा. फक्त चौदा ऑगस्टला घरी राहायचा.

अर्डिस वारल्यावर खानावळ मी चालवायला घेतली. फळा चालूच होता. त्या उन्हाळ्यात शाळेत एक नवी मास्तरीण आली, बोलघेवडी, मनाने चांगली. तेरा ऑगस्टला तिने सगळ्यांसमोर हार्लनला विचारलं, की हाताला काय झालं?

डेल्मर शेजारच्याच टेबलावर होता. त्याचा चमचा थांबला.

"कोठीच्या शिडीवरून पडलो," हार्लन म्हणाला. "लहानपणी. माझाच धांदरटपणा."

मास्तरीण हळहळली. डेल्मर ताट तसंच टाकून उठला. त्याचे कान लाल झाले होते, थेट मानेपर्यंत. गावाच्या टोमण्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका खोट्या वाक्याने झालं. इतकी वर्षं तो माणूस याला पाठीशी घालत आला होता, आणि हा शिकागोच्या गोष्टी लिहीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा फळा लिहून झाला होता. वर मोठ्या शहरांच्या दोन गोष्टी. अगदी खाली, वाटाण्याच्या सुपाला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. न्याहारीची गर्दी झाली तरी डेल्मर खडू धरून तिथेच उभा होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा चौदा ऑगस्टला हार्लनची गाडी येऊन थांबली. टेबलावरची माणसं काट्याचमच्यांसकट खिडकीशी आली.

हार्लन वाकला. पुष्कळ वेळ वाकलेला राहिला.

"दिसत नाही," तो म्हणाला. "मोठं लिही."

डेल्मरने शिकागो पुसलं. पुसायला कापड नव्हतं, शर्टाच्या बाहीनेच पुसलं. मग सगळ्यांच्या देखत फळाभर लिहिलं: आज डेल्मर क्रूसने दुसऱ्या बेसला पाय लावला नाही. जिंकलेला सामना गेला. हार्लन व्होसचा हात गेला. लिहिताना खडू दोनदा मोडला. हार्लन शेवटच्या शब्दापर्यंत उभा होता.

"सूप पण पुसलंस," एवढंच म्हणाला. मग आत येऊन बसला, आपल्या समोरची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. डेल्मर बसला. मान काही वर झाली नाही त्याची. निघताना हार्लन म्हणाला, डोळे अधू झालेत, डॉक्टर म्हणतो आता गाडी चालवू नकोस. गुरुवारी मला न्यायला मोकळा आहेस का?

तेव्हापासून गुरुवार हार्लनचा. पण डेल्मरची लाज गेली असं मी म्हणणार नाही. फळ्यावर खडू टेकवायच्या आधी तो रस्त्याकडे बघायचा, हार्लन येतोय का. दरवर्षी ती ओळ आधी लिहायचा, मग शहरांच्या गोष्टी.

डेल्मर झोपेतच गेला, एका शुक्रवारी पहाटे. आदल्या दिवशी त्याने हार्लनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, गाडीत रेडिओवर सामना ऐकत बसला, येताना त्याच्यासाठी राईचा पाव आणि लिव्हरचं सॉसेज घेतलं. पिशवी हार्लनच्या घराच्या पायरीवर ठेवली. हार्लन कठडा धरून वर चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबला, जाळीचं दार लागलेलं ऐकलं आणि मगच गाडी वळवली.