सागवानी गिटार आणि म्हशीचं टाकं

माझ्या हातून एक गिटार पाण्यात बुडून मेली, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. देवळीजवळच्या आमच्या गावात मी नुकतीच मॅट्रिक झाले होते (पहिल्याच खेपेस, गावात वेगळं ऐकाल). बाबा म्हणाले, "आता शिवणक्लास."

"मी गिटार शिकणार!"

सुपारी कातरता कातरता बाबांचा अडकित्ता थांबला. "अन् आणू कोठून?"

"आणायची कशाला? डोमाजीकाका करून देतील."

"बैलबंडी करणारा डोमाजी?" बाबांना हसता हसता ठसका लागला. "बरं! मे महिन्यात तुया चुलत बहिणीचं, सुमीचं, लग्न आहे. मांडवात एक गाणं वाजवून दाखवजो, वर्ध्याले शिकवणी लावून देतो. नाई वाजलं, त मुकाट्यानं शिवणक्लास!"

"ठरलं!"

डोमाजीकाका आमच्या गावचे सुतार. उभ्या जन्मात बैलबंड्या, वखर आणि पाळणे केलेले. कॅलेंडरवरचं गिटारीचं चित्र उलटंसुलटं पाहून ते म्हणाले, "याले बैल कोठी जुपतेत?"

पण कारागीर पक्का! जुन्या कपाटाची सागवानी फळी त्यांनी रंध्याने पापडासारखी पातळ केली. बाजूच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात भिजवून आईच्या पितळी हंड्याला सुतळीने करकचून बांधल्या, गोलाई येण्यासाठी. चार दिवस हंडा अडकला आणि आई माझा उद्धार करत बादलीने पाणी भरत राहिली. दांड्यावरच्या आडव्या तारांसाठी बाबांच्या छत्रीच्या काड्या कापल्या (बाबांना ते पावसाळ्यात कळलं). सगळे सांधे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेल्या सरसाने चिकटवले. त्या वासाने शेजारच्या दोन बायका "कोणाचं जनावर मेलं काय?" म्हणून विचारून गेल्या. वाजवायच्या तारा तेवढ्या वर्ध्याहून आणल्या.

आणि ती वाजली हो! पहिला सूर निघाला तेव्हा काकांनीच दचकून हात मागे घेतला. महिनाभरात मी एक अख्खं गाणं बसवलं. बाबांचं हसणं बंद झालं.

मग आमचा मे महिना आला. लग्नाला तीन दिवस उरले आणि टिनाच्या तापलेल्या खोलीत ठेवलेल्या गिटारीची मागची फळी सुटली. करंगळी जाईल एवढी फट! काका लेकीकडे सेलूला गेलेले. पण मी काय हातावर हात ठेवून बसणार? उन्हाळ्यात बंडीचं चाक सैल झालं की काका ते दिवसभर पाण्यात टाकतात, हे मी लहानपणापासून पाहत होते. लाकूड फुगतं, सांधे गच्च! मी सकाळीच गिटार गुरांच्या टाक्यात सोडली. ती तरंगायला लागली, म्हणून वर पाटा ठेवला.

दुपारी बाबांची हाक आली. "मंदे! तुयी गिटार म्हैस पिऊन राह्यली!"

धावत गेले. फळी एकीकडे, पट्ट्या दुसरीकडे, दांडा तळाशी. पाणी तपकिरी, चिकट. म्हैस मात्र मन लावून पीत होती.

संध्याकाळी काका परतले आणि टाक्याशेजारी डोक्याला हात लावून बसले. "पोरी, चाकाभोवती लोखंडी धाव आवळलेली असते, खुंट्या असतेत. इथं निस्ता सरस होता. थो पाण्यात इरघळते!"

"मग आधी सांगायचं ना!"

"गिटार कोणी धुते काय?"

"धुतली नाई, फुगवली!"

सुमीच्या मांडवात मी गिटारीशिवायच गायले, तेही इतक्या जोरात की बँडवाले थांबून पाहू लागले. गाणं संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "गिटार नाई वाजली."

शर्त ती शर्त. मी ताठ मानेने शिवणक्लासला गेले. पहिल्याच दिवशी मशीन जड चालतंय असं वाटलं, म्हणून मीच ते खोललं. दुसऱ्या दिवशी बाईंनी दारातूनच हात जोडले. गिटारीचे निदान सगळे तुकडे सापडले होते!